एकमेव म्हणजे नेमकं किती?

जत्रा, दशावतार, माटोळी यांच्यावर लिहिणारा माणूस एकदम टेडी बेअरवर लिहायला लागला तर वाचक म्हणतील, याला झालं तरी काय? पण विषय घरातूनच उठला आहे आणि गेले दोन महिने डोक्यातून जायचं नाव घेत नाही. तेव्हा एकदाचं लिहून मोकळा होतो.

माझी वहिनी टेडी शिवते. फोंड्याच्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत तिचं शिवणयंत्र आहे. यंत्राला लागून एक जुनं कपाट, त्यात कापडाच्या गुंडाळ्या, काचेच्या डोळ्यांची डबी, दोऱ्यांची रिळं. दादा निवृत्त झाल्यावर हौस म्हणून तिनं हे सुरू केलं. आता त्याचा घरखर्चाला बऱ्यापैकी हातभार लागतो. अंगोरा शेळीच्या केसांपासून विणलेलं मोहेर नावाचं लवदार कापड ती बाहेरून मागवते. ते महाग पडतं, म्हणून एक चिंधीसुद्धा वाया जाऊ देत नाही. मध्यम आकाराचा एक टेडी पुरा व्हायला तिला तीन दिवस लागतात. वर्षातून दोन-तीन प्रदर्शनांत ती टेबल मांडते. टेडीच्या गळ्यात बांधायची कार्डं लिहायचं काम माझ्याकडे, कारण घरात अक्षर माझं बरं. त्या कार्डांवर मी लिहीत असे : ‘हातानं शिवलेला. एकमेव. यासारखा दुसरा नाही.’

हे शब्द माझे, वहिनीचे नव्हेत. ती म्हणाली होती, ‘हातानं शिवलाय एवढं लिहा, पुरे.’ मला ते कोरडं वाटलं. लेखक ना आम्ही! दोन शब्द जास्तीचे घातल्याशिवाय हात थांबत नाही.

गेल्या डिसेंबरात मडगावच्या प्रदर्शनात एका बाईंनी मधाच्या रंगाचा एक टेडी घेतला. त्यांची मुलगी-जावई इंग्लंडात स्विंडनला असतात (आपल्या गोव्याची किती माणसं त्या एका गावात आहेत हे तुम्हांला सांगायला नको), तिथल्या नातीसाठी. कार्ड दोनदा वाचलं, किंमत जास्त आहे असं म्हणत म्हणत दिली आणि टेडी घेऊन गेल्या. फेब्रुवारीत पणजीला आम्ही पुन्हा टेबल मांडलं तेव्हा त्या सहज फिरत आल्या आणि टेबलाशी थबकल्या. समोर तोच टेडी बसला होता. म्हणजे रंग राखाडी, गळ्यात निळा रुमाल, पण नाक तेच, कान त्याच उंचीवर, डाव्या बाजूला जरा वर गेलेलं हसू तेच. गळ्यात माझं कार्ड : यासारखा दुसरा नाही.

‘तुमीच बरयलां न्हय, एकूच आसा म्हूण?’ त्या म्हणाल्या.

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. फोनवर त्यांनी नातीला सांगितलं होतं, तुझ्यासारखी जशी तू एकटी, तसा हाही एकटाच, जगात असा दुसरा नाही. आता त्या पोरीला काय सांगायचं?

वहिनीनं दोन्ही टेडींमधले फरक समजावून सांगायचा प्रयत्न केला. कापड वेगळं, डोळ्यांत एक सुताचा फरक, टाके वेगळे. त्या बाई ऐकून घेत होत्या, पण पटत नव्हतं हे दिसत होतं. मी जास्तीचे पैसे परत देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. ‘पैशांचं नाही हो,’ एवढंच म्हणून निघून गेल्या.

रात्री घरी आल्यावर वहिनी माझ्यावर उखडली. तिचं म्हणणं असं, की तिनं कुणालाही फसवलेलं नाही. ‘भावजी, हातानं शिवलेला प्रत्येक टेडी वेगळाच असतो. दोन सारखे करीन म्हटलं तरी मला जमणार नाही. मग एकमेव लिहिलं त्यात खोटं काय?’

तिचं म्हणणं धुडकावण्यासारखं नाही, हे मला नंतर तिच्या शेजारी बसून काम पाहिल्यावर कळलं. टेडीचे भाग पुठ्ठ्याच्या आकारांवरून कापतात. पुठ्ठा कापडाच्या मागच्या बाजूला ठेवून पेन्सिलीनं रेघ मारायची. लव कुठल्या दिशेला झुकते ते आधी बघायचं, नाहीतर एका पायाचे केस वर आणि दुसऱ्याचे खाली. मग बारीक टोकाच्या कात्रीनं फक्त मागचं कापड कापायचं, पुढची लव कापली जाऊ द्यायची नाही. डोकं तीन तुकड्यांचं : दोन गाल आणि नाकापासून मानेपर्यंत जाणारी मधली पट्टी. हात, पाय, मान यांच्या सांध्यांत चकत्या घालून त्या पिनेनं किंवा नटबोल्टनं आवळतात, म्हणजे अवयव फिरतात. भरणी घट्ट की सैल यावर पोट ठरतं. आणि शेवटी तोंड. डोळे अर्धा सेंटिमीटर खाली आले की टेडी लहान मूल दिसतो, जवळ आले की जरा लबाड दिसतो. नाक दोऱ्यानं भरायचं, तिथे एक टाका इकडेतिकडे झाला की चेहऱ्याचा भाव बदलतो. एकाच पुठ्ठ्यावरून एकाच दिवशी कापलेले दोन टेडी वहिनीनं माझ्यापुढे ठेवले. एक विचारात पडलेला, दुसरा नुकताच झोपेतून उठलेला. तिनं काही मुद्दाम केलं नव्हतं.

म्हणजे वहिनीचं खरंच आहे. हात यंत्र नव्हे. पण मग माझ्या मनात आलं, भाकरीचं काय? आईच्या हातच्या दोन भाकऱ्या कधी तंतोतंत सारख्या झाल्या आहेत? एकीला फोड इथे येतो, दुसरीला तिथे. म्हणून काही खानावळवाला ‘एकमेव भाकरी’ अशी पाटी लावत नाही. हातानं केलेली प्रत्येक वस्तू आपोआप एकमेव होत असेल, तर ‘हातानं केलेली’ एवढं म्हटलं की काम भागलं. वर ‘एकमेव’ म्हणून आपण गिऱ्हाइकाला काहीतरी जास्तीचं सांगतो आहोत आणि त्याचे पैसेही घेतो आहोत. ते जास्तीचं काय, हे सांगता आलं पाहिजे. मला सांगता येत नव्हतं.

याच्या अगदी उलट टोकाचं मत माझ्या एका मित्राचं. तो चित्रकला शिकवतो. त्याला हा प्रकार सांगितला तर तो हसतच सुटला. ‘अरे, टेडी बेअर आणि एकमेव? आकारच मुळात उसना!’

इतिहास पाहिला तर तोही बरोबर वाटतो. १९०२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात अस्वलांच्या शिकारीला गेले होते. त्यांना शिकार मिळेना, तेव्हा त्यांच्या वाटाड्यानं एक अस्वल पकडून झाडाला बांधलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. (जखमी अस्वलाच्या यातना संपवायला त्यांनीच सांगितलं, हा भाग गोष्टीतून बहुधा गाळला जातो.) क्लिफर्ड बेरीमन यांनी त्यावर काढलेलं व्यंगचित्र १६ नोव्हेंबर १९०२ ला ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये छापून आलं. ते पाहून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातले दुकानदार मॉरिस मिचटम आणि त्यांची बायको रोझ यांनी कापडी अस्वल शिवून दुकानात ठेवलं आणि त्याला अध्यक्षांचं लाडकं नाव दिलं, टेडी. त्याच सुमारास जर्मनीतल्या गिंगेन गावात मार्गारेटे स्टाइफ यांच्या कारखान्यात त्यांचा पुतण्या रिचर्ड यानं हातपाय हलणाऱ्या अस्वलाचा नमुना तयार केला. १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्यानं त्याची तीन हजार नगांची मागणी नोंदवली. १९०७ या एका वर्षात त्या कारखान्यातून सुमारे पावणेदहा लाख टेडी बाहेर पडले. तेव्हा आज फोंड्याच्या पडवीत वहिनी जे शिवते, तो सव्वाशे वर्षांमागच्या त्या नमुन्याचाच पणतू. गोल कान, मधली पट्टी, फिरणारे सांधे, सगळं तिकडून आलेलं.

मित्राला मी एवढंच म्हटलं, की यमन सगळेच गातात. राग सगळ्यांचा आहे, म्हणून प्रत्येक मैफल नक्कल ठरत नाही. टेडीचं रूप हा राग समजा. त्यात एखादीनं स्वतःच्या डोक्यानं नवं तोंड, नवा बांधा काढला तर ती तिची निर्मिती. पण हेही खरं, की एखादा गवई तीच चीज, त्याच ताना, त्याच जागा घेऊन मडगावला डिसेंबरात आणि पणजीला फेब्रुवारीत गायला आणि दोन्हीकडे म्हणाला, हे मी फक्त आजच गातोय, तर श्रोते काय म्हणतील?

म्हणजे वहिनी म्हणते सगळेच एकमेव, मित्र म्हणतो एकही नाही. दोघांचं ऐकलं तर त्या शब्दाला काही अर्थच उरत नाही. आणि अर्थ उरला नाही तर स्विंडनच्या पोरीच्या आजीला वाईट वाटायचं कारणच नव्हतं. पण वाटलं, आणि रास्त वाटलं. याचा अर्थ शब्दात काहीतरी आहे. ते काय, हे शोधायला मी जरा दुसरीकडे पाहिलं.

चित्रकार आणि शिल्पकार या प्रश्नाशी फार पूर्वीपासून झगडत आले आहेत. ब्राँझचं शिल्प साच्यातून ओततात, म्हणजे एकाचे अनेक निघू शकतात. मग अस्सल कुठलं? फ्रान्समध्ये यावर तोडगा काढला तो आकड्यांचा. आठ क्रमांकित प्रती आणि चार कलावंतासाठी, अशा बारापर्यंत मूळ मानायच्या, पुढच्या नाहीत. अमेरिकेत १९९० च्या कायद्यानं दृश्यकलाकृतींना जे संरक्षण दिलं ते एकुलत्या एका कृतीला तर दिलंच, पण दोनशेपर्यंतच्या, कलावंतानं सही करून ओळीनं क्रमांक घातलेल्या प्रतींनाही दिलं. छापचित्रं काढणारे चित्रकार ठरलेल्या प्रती काढून झाल्या की प्लेटवर आडवी रेघ ओढून ती बाद करतात, म्हणजे पुन्हा तसाच छाप निघायचा प्रश्न नको.

हे वाचल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. या मंडळींनी वस्तूकडे भिंगातून पाहून दोन प्रतींत किती सुतांचा फरक आहे हे मोजत बसायचं सोडून दिलं आहे. ते मोजतात प्रती. आणि प्रती मोजणं म्हणजे पुढच्या वागणुकीची हमी देणं. बारा म्हणजे बारा, तेरावी मी काढणार नाही. ती प्लेटवरची आडवी रेघ म्हणजे दुसरं काय? दिलेला शब्द मोडायचा मोह होऊ नये म्हणून स्वतःचेच हात बांधून घेणं.

तर माझं मत असं. एखादा टेडी एकमेव आहे का, हे त्या टेडीकडे पाहून कळत नाही. शिवणारीकडे पाहून कळतं. एकमेव हे त्या वस्तूचं वर्णन नसून करणारीनं घेणाऱ्याला दिलेलं वचन आहे : असा मी पुन्हा करणार नाही. विकण्याच्या क्षणी तो टेडी एकटाच असणं पुरेसं नाही. तसा तर डिसेंबरात मडगावला तो मधाळ रंगाचा टेडी एकटाच होता! मी कार्ड लिहिलं तेव्हा ते अक्षरशः खरं होतं. खोटं झालं ते जानेवारीत, वहिनीनं तोच पुठ्ठा राखाडी कापडावर ठेवला तेव्हा. आणि दोष तिचा नव्हे. तिनं वचन दिलंच नव्हतं. तिच्या नावानं ते मी दिलं होतं, तिला न विचारता.

हे एकदा मान्य केलं की बारीकसारीक प्रश्न सुटतात. रंग बदलला तर एकमेव होतो का? नाही. रुमाल बदलला तर? मुळीच नाही. तसं असेल तर कापडाच्या दुकानातलं प्रत्येक परकर-पोलकं एकमेव. कापड स्वतः घरी रंगवलं आणि ती छटा पुन्हा साधणार नाही, तर? मग कापड एकमेव म्हणा, टेडी नव्हे. चेहरा योगायोगानं वेगळा आला तर? तो हाताचा प्रसाद आहे, त्याचं मोल आहे, पण त्याला ‘हातानं शिवलेला’ हेच नाव बरोबर. ज्याचा आकार नव्यानं काढला, ज्याचा चेहरा आधी ठरवून घडवला आणि ज्याचा पुठ्ठा काम झाल्यावर कापून टाकला, तोच एकमेव. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कौशल्याच्या आहेत. तिसरी शब्दाची. आणि तिसरीशिवाय पहिल्या दोन लंगड्या.

इथे कुणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला? खेळणं ते खेळणं. एकमेव नसलं तर काय बिघडलं? अगदी मान्य, काहीच बिघडत नाही. उलट माझी तक्रार हीच आहे, की आपण हा शब्द नको तिथे चिकटवून साध्या, चांगल्या वस्तूला उगीच कमीपणा आणतो.

आपल्या चवथीचंच बघा. चवथीच्या आधी घराघरातले पाट चित्रशाळेत जातात. मूर्तिकार त्या त्या घराच्या पाटावर त्या घराचा गणपती करून देतो. कुणी सगळी मूर्ती हातानं घडवतो, कुणी धड साच्यातून काढून हात, सोंड, डोळे हातानं करतो. शेजारच्या घरचा गणपती आमच्यासारखाच दिसतो म्हणून आजवर कुणाची भक्ती उणावली आहे? तो आमचा असतो कारण तो आमच्या पाटावर बसतो, आमच्या माटोळीखाली पाच दिवस राहतो आणि आमच्याच तळीत विसर्जित होतो. मूर्तिकार काही पावती देताना ‘एकमेव’ असा शिक्का मारत नाही. त्याला गरजच पडत नाही. तसंच राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींचं. त्या हजारोंनी छापल्या गेल्या, पण आजीनं ज्या तसबिरीपुढे आयुष्यभर निरांजन फिरवलं ती तिला हजारांतली एक वाटली असेल का?

टेडींच्या दुनियेतही हेच दिसतं. लंडनच्या फार्नेल कंपनीनं बनवलेला एक साधा टेडी १९२१ मध्ये हॅरड्स या दुकानातून ए. ए. मिल्न यांच्या लहान मुलासाठी, क्रिस्टोफर रॉबिनसाठी, विकत घेतला गेला. त्याच्यावरून ‘विनी द पू’ जन्माला आला. तो टेडी १९८७ पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आहे आणि लहानथोर माणसं त्याला बघायला जातात. त्याच कारखान्यातून निघालेले त्याचे भाऊबंद कुठे गेले कुणी विचारत नाही. स्टाइफ कारखान्यात १९०४ च्या सुमाराला तयार झालेली ‘टेडी गर्ल’ ब्रिटनच्या कर्नल बॉब हेंडरसन यांच्याजवळ जन्मभर होती. त्यांच्या मागे, १९९४ मध्ये, लंडनच्या लिलावात तिला १ लाख १० हजार पौंड किंमत आली. कारखान्यातली अस्वलं दोन्ही. एकमेव झाली ती घरात, माणसांच्या सहवासात. आणि गंमत अशी, की लाइपझिगच्या त्या पहिल्या तीन हजारांपैकी एकही आज कुठे असल्याचं माहीत नाही. उद्या कुणाच्या माळ्यावर एखादा सापडलाच, तर तीन हजारांतला एक असूनही तो एकमेव ठरेल!

पण हे एकमेवपण दुकानात मिळत नाही. ते काळ देतो, मूल देतं, कान चावून, डोळा तोडून, रात्री कुशीत घेऊन. ते विकायचा हक्क शिवणाऱ्याला नाही, कार्ड लिहिणाऱ्याला तर अजिबात नाही. आपण विकू शकतो ते दोनच गोष्टी : आपली मेहनत आणि आपला शब्द. दोन्हींच्या किमती वेगळ्या लावाव्यात, एवढंच माझं म्हणणं.

वहिनीला हे सांगितलं तेव्हा तिनं पहिलाच प्रश्न विचारला तो पैशांचा. आणि तो चुकीचा नाही. नवा आकार काढायचा तर जुन्या साडीच्या कापडात एक-दोन कच्चे टेडी शिवून बघावे लागतात. म्हणजे तीन दिवसांच्या जागी पाच-सहा. मग तो पुठ्ठा कापून टाकायचा, म्हणजे ती मेहनत एकाच विक्रीत वसूल व्हायला हवी. आणि कुणी फोटो बघून ‘मला अगदी अस्साच हवा’ म्हणत आलं तर त्याला हात जोडून नाही म्हणायचं. पडवीत बसून शिवणाऱ्या बाईला आलेली ऑर्डर परतवणं सोपं नसतं. ज्यांचा महिन्याचा पगार बँकेत जमा होतो त्यांनी तिला तत्त्वज्ञान शिकवू नये, असं ती म्हणाली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर ते वाचता आलं.

म्हणूनच मी म्हणतो की एकमेव टेडी थोडेच करावेत. वर्षाला दोन, तीन. ज्या दिवशी स्वतःलाच एखादा चेहरा सुचेल त्या दिवशी. बाकीच्यांना मोकळ्या मनानं ‘हातानं शिवलेला’ म्हणावं, लोकांना आवडतील तितके करावेत. मधली वाटही आहे, पाचांपैकी तिसरा, दहांपैकी सातवा. तोही शब्दच, फक्त आकडा मोठा. कायद्यालाही बघा, हातानं केलेल्या खेळण्याची कदर आहे. भारतात खेळण्यांसाठी गुणवत्तेचा जो नियम २०२१ पासून सक्तीचा झाला, त्यात हस्तकला आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः केलेल्या, विकलेल्या खेळण्यांना सूट ठेवली आहे. तिथे खेळणं कुणी केलं हे बघतात, त्याला जुळा भाऊ आहे का हे नव्हे.

मग तिनं दुसरा प्रश्न विचारला आणि तिथे मात्र मी दोन दिवस अडकलो. ‘समजा, एकमेव म्हणून दिलेला टेडी प्रवासात हरवला. मूल रात्रभर रडतंय. आई फोन करते, तसाच दुसरा करून द्या. तेव्हा काय सांगायचं? पुठ्ठा कापला म्हणून?’

पुठ्ठा कापला तरी वहिनीचे हात आहेत, फोटो आहे, तिला आठवेल. तेव्हा ‘जमत नाही’ ही पळवाट बंद. विचार करता करता उत्तर सापडलं ते असं : वचन कुणाला दिलं आहे? टेडीला नाही, जगालाही नाही. घेणाऱ्याला दिलं आहे. मग त्यातून मोकळं करण्याचा हक्कही त्याचाच. ज्याचा टेडी हरवला तोच दुसरा मागत असेल तर खुशाल करून द्यावा, त्यात कुणाचाही विश्वासघात नाही. मात्र कुणी तिसराच मागत असेल तर पहिल्या मालकाला विचारल्याशिवाय सुईत दोरा ओवू नये. वहिनीनं मान डोलावली. गेल्या दोन महिन्यांत माझ्या एखाद्या म्हणण्याला तिनं मान डोलावल्याचं मला हेच आठवतं.

सध्या कपाटात बावीस टेडी आहेत. आम्ही दोघांनी बसून सगळी जुनी कार्डं काढली आणि नवी लिहिली. वीस ‘हातानं शिवलेले’. दोनांच्या कार्डांवर ‘एकमेव’, आणि त्यांचे पुठ्ठे वहिनीनं माझ्यासमोर कात्रीनं कापले. कापताना तिचा हात क्षणभर थांबला होता. तेवढं थांबणं मला त्या शब्दाची किंमत सांगून गेलं. त्या दोघांची किंमत आम्ही जास्त ठेवली आहे आणि ती मागताना आता मला संकोच वाटणार नाही.

मडगावच्या बाईंचा नंबर पावतीपुस्तकात होता. धीर करून फोन केला. माफी मागितली, पैसे परत द्यायचं पुन्हा म्हटलं. टेडी परत घ्यायची तयारीही दाखवली. त्या म्हणाल्या, टेडी कसला परत मिळतोय, नातीनं त्याचं नाव ठेवलंय, ती त्याला हातातून सोडत नाही. पैसेही नकोत. फक्त एक करा, खरं काय ते लिहिलेलं नवं कार्ड द्या, मी तिला पाठवते.

ते मी लिहून दिलं. बराच वेळ लागला, जास्तीचे शब्द गाळायला. शेवटी उरलं ते इतकंच : ‘हातानं शिवलेला. फोंडा, गोवा. याला एक भाऊ आहे, राखाडी रंगाचा.’

पंधरा दिवसांनी बाईंचा फोन आला. नात विचारतेय, भावाचं नाव काय?